विजेची गाडी घ्यावी का? रेल्वेच्या शंभर वर्षांचा दाखला

झाशीत मराठी माणूस दोन वेळा आला. पहिल्यांदा तो पेशव्यांच्या फौजेबरोबर आला. १७४२ साली नारो शंकर इथले सुभेदार झाले, त्यांनी किल्ला वाढवला आणि किल्ल्याखाली वस्ती वसवली. पुढे नेवाळकरांचे राज्य आले. खंडेराव दरवाजा हे नाव आणि १८४२ साली राणी लक्ष्मीबाईंचा विवाह जिथे झाला ते गणेश मंदिर ही त्या काळाची खूण आजही आपल्यासमोर आहे. दुसऱ्यांदा मराठी माणूस आला तो रेल्वेबरोबर. इंडियन मिडलंड रेल्वेने १८८९ च्या सुमारास झाशीला लोहमार्गाने चहूकडे जोडले, १८९५ मध्ये इथे कारखाना सुरू झाला आणि १९०० साली ही सारी व्यवस्था मुंबईच्या जी.आय.पी. रेल्वेकडे गेली. जी.आय.पी.ची पुढे मध्य रेल्वे झाली. ३१ मार्च २००३ पर्यंत झाशी विभागाची सूत्रे मुंबईहून हलत होती. त्यामुळे कल्याण, भुसावळ, पुणे अशा गावांहून बदलीवर आलेली कितीतरी कुटुंबे इथे आली आणि इथलीच झाली. आपल्या मंडळाच्या वर्गणीदारांची यादी पाहिली तरी ही गोष्ट ध्यानात येते.

अशा या रेल्वेच्या गावात सध्या घराघरांत एक प्रश्न विचारला जातो. पुढची गाडी पेट्रोलची घ्यावी की विजेची? उत्सवाच्या दिवसांत चार मंडळी एकत्र बसली की हा विषय निघतोच. तरुण मंडळी म्हणतात, आता पेट्रोलची गाडी घेणे म्हणजे जुनाट वस्तू घरात आणणे. वडीलधारी मंडळी म्हणतात, वाटेत बंद पडली तर ढकलत कुठे न्यायची? दोन्ही बाजूंनी आवाज चढतो आणि निर्णय काही होत नाही. मी रेल्वेच्या विद्युत विभागात नोकरी करून निवृत्त झालो. त्या अनुभवावरून मला वाटते की या प्रश्नाचे उत्तर शोरूममध्ये शोधण्याआधी इतिहासात शोधावे. कारण नेमका हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी आपल्या जी.आय.पी. रेल्वेपुढे उभा होता आणि तिने तो फार शहाणपणाने सोडवला.

जी.आय.पी.चा निर्णय

३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला जाणारी विजेची गाडी सुटली. भारतातली ही पहिली विजेची रेल्वेगाडी. वरच्या तारेत १५०० व्होल्टचा डी.सी. प्रवाह होता. त्यानंतर रेल्वेने घाटांकडे मोर्चा वळवला. १९२९ मध्ये कल्याण ते पुणे मार्गावर वीज आली आणि पाठोपाठ कल्याण ते इगतपुरी मार्गावरही आली. त्यासाठी रेल्वेने कल्याणजवळ चोळा येथे स्वतःचे वीजघर बांधले. बोरघाटात १ : ३७ असा चढ आहे. खंडाळ्याजवळ पूर्वी गाडीची दिशा उलटवावी लागे; ते रिव्हर्सिंग स्टेशन याच काळात नव्या मार्गामुळे बंद झाले. घाटात मालगाड्या ओढणाऱ्या त्या वेळच्या विजेच्या इंजिनांना कर्मचारी 'खेकडा' म्हणत. १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन धावू लागली, तीही विजेवरच.

आता प्रश्न असा की त्याच जी.आय.पी.च्या ताब्यातल्या झाशीला तेव्हा वीज का मिळाली नाही? कंपनी तीच होती, साहेब तेच होते, इंजिनेही मिळत होती. तरीसुद्धा आपल्याकडे विजेची तार यायला १९८० चे दशक उजाडावे लागले. १९८८ साली नवी दिल्ली ते झाशी अशी देशातली पहिली शताब्दी एक्सप्रेस सुरू झाली, ती याच काळात. मुंबई आणि झाशी यांच्यात जवळजवळ साठ वर्षांचे अंतर पडले.

याचे कारण साध्या हिशेबात आहे. वीज मांडायला महाग असते आणि चालवायला स्वस्त असते. खांब, तांब्याच्या तारा, उपकेंद्रे, वीजघर हा सगळा खर्च पहिल्या दिवशी, एकरकमी करावा लागतो. नंतर प्रत्येक गाडीमागे थोडी थोडी बचत होत जाते. ज्या मार्गावर दर काही मिनिटांनी लोकल धावते, किंवा ज्या घाटात प्रत्येक गाडीला जादा इंजिने लावावी लागतात, तिथे ही बचत लवकर साठते आणि मांडणीचा खर्च वसूल होतो. ज्या मार्गावर दिवसाकाठी मोजक्या गाड्या जातात तिथे तारा टांगून ठेवल्या तर त्यात अडकलेल्या पैशाचे व्याजही सुटत नाही. वीज चांगली की वाफ चांगली, असा वाद रेल्वेने घातला नाही. कुठल्या मार्गावर किती वाहतूक आहे, एवढेच तिने पाहिले.

पुढे दोन गोष्टी बदलल्या. १९५७ मध्ये भारतीय रेल्वेने २५ हजार व्होल्टची ए.सी. पद्धत स्वीकारली. तिला तारेत तांबे कमी लागते आणि उपकेंद्रेही दूर दूर चालतात, म्हणून मांडणीचा खर्च उतरला. दुसरीकडे वाहतूक वाढली आणि १९७३ च्या तेलसंकटानंतर डिझेलचा भरवसा राहिला नाही. हिशेब बदलला, तसा निर्णयही बदलला. ज्या झाशीला वीज मिळायला साठ वर्षे थांबावे लागले, त्याच झाशीच्या भेल कारखान्यात १९९० च्या दशकात ए.सी. आणि डी.सी. दोन्ही प्रवाहांवर चालणारी इंजिने तयार झाली आणि ती मुंबई–पुणे घाटात धावली. आपल्या गावासाठी ही अभिमानाची गोष्ट आहे.

मोटारीचा पहिला डाव

विजेची मोटार ही नवी कल्पना आहे असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तिचा पहिला डाव सव्वाशे वर्षांपूर्वीच मांडून झाला होता. १८९९ साली बेल्जियमच्या कामीय जेनात्झी यांनी मोटारीत बसून ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडला, ती मोटार विजेची होती. १९०० च्या सुमारास अमेरिकेतल्या शहरांत विजेच्या मोटारी मोठ्या संख्येने होत्या. त्यांना धूर नव्हता, आवाज नव्हता आणि मुख्य म्हणजे पेट्रोलच्या गाडीसारखे समोर उभे राहून हँडल मारावे लागत नव्हते. मोटारसम्राट हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा फोर्ड स्वतः 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक' ही विजेची गाडी वापरत.

मग ही गाडी मागे का पडली? १९०८ मध्ये फोर्डची मॉडेल टी आली आणि तिची किंमत वर्षागणिक उतरत गेली. १९१२ मध्ये चार्ल्स केटरिंग यांचा सेल्फ-स्टार्टर कॅडिलॅक गाडीत बसला आणि हँडल मारण्याचा त्रास संपला. त्याहून मोठे कारण रस्त्याचे होते. शहराबाहेर रस्ते झाले, लोक दूर जाऊ लागले, पण खेड्यांत वीज पोहोचली नव्हती. पेट्रोलचा डबा कुठल्याही दुकानात ठेवता येतो, विजेचे तसे नाही. विजेची गाडी तार जिथवर पोहोचली होती तिथवरच जाऊ शकली.

मुंबईत मात्र त्याच काळात विजेने बाजी मारली. १८७४ पासून घोडे ओढत असलेली ट्राम ७ मे १९०७ रोजी विजेवर आली आणि ३१ मार्च १९६४ पर्यंत चालली. तिचा मार्ग ठरलेला होता, फेऱ्या दिवसभर होत्या आणि तार डोक्यावर होती. हिशेब पुन्हा तोच.

आपल्याकडचे प्रयोग

भारतात विजेच्या मोटारीची खरी चर्चा २००१ साली सुरू झाली. बंगळुरूच्या चेतन मैनी यांनी 'रेवा' बाजारात आणली. छोटीशी, दोन दारांची, शिशाच्या बॅटरीवर एका चार्जिंगमध्ये सुमारे ८० किलोमीटर जाणारी ही गाडी होती. देशात तिला फारसे गिऱ्हाईक मिळाले नाही. लंडनमध्ये मात्र 'जी-विझ' या नावाने ती बरीच दिसू लागली, कारण तिथे २००३ पासून शहराच्या मध्यभागी गाडी नेण्यावर रोजचे शुल्क बसले होते आणि विजेच्या गाडीला ते माफ होते. रोज शहरात जाणाऱ्याचा हिशेब त्यामुळे जुळत होता. २०१० साली महिंद्राने ही कंपनी घेतली.

खरा फरक पडला तो बॅटरीत. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली आणि तिच्या तीन जनकांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. २०१० च्या सुमारास गाडीच्या बॅटरीत एक युनिट वीज साठवण्याच्या क्षमतेला हजार डॉलरहून अधिक खर्च येई. २०२४ साली तोच खर्च ११५ डॉलरच्या आसपास आला. रेल्वेच्या बाबतीत २५ हजार व्होल्टच्या पद्धतीने जे केले, तेच मोटारीच्या बाबतीत या घसरणीने केले आहे. जानेवारी २०२० मध्ये टाटांची नेक्सॉन ईव्ही आली. ती पुण्याजवळच्या रांजणगावची. कागदावर तिची धाव ३१२ किलोमीटर होती आणि रस्त्यावर साधारण २०० मिळत होती. २०१९ मध्ये विजेच्या गाड्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा करही २८ वरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे सरकारने एका पारड्यात टाकलेले वजन नंतर थोडे दुसऱ्या पारड्यातही टाकले.

आपल्या झाशीत हा हिशेब सर्वात आधी कोणाला कळला असेल, तर ई-रिक्षावाल्याला. २०१५ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन ई-रिक्षाला रीतसर जागा मिळाली आणि बघता बघता स्टेशन, सदर बाजार, मानिक चौक सगळीकडे त्या दिसू लागल्या. ई-रिक्षावाल्याने पर्यावरणावरचे लेख वाचलेले नसतात. त्याची गाडी दिवसभर फिरते, रात्री एका जागी उभी राहते आणि तिथे तार असते. बस्स.

घरचा हिशेब

आता आपल्या घराकडे वळू. सोयीसाठी काही आकडे धरू. प्रत्येकाने त्या जागी आपापले घालावेत. सारख्याच आकाराच्या दोन गाड्यांत विजेची गाडी तीन लाखांनी महाग आहे असे समजू. पेट्रोल ९५ रुपये लिटर आणि मायलेज १५ धरले, तर किलोमीटरला सव्वासहा रुपये पडतात. घरची वीज ७ रुपये युनिट आणि एका युनिटला ६ किलोमीटर धरले, तर सव्वा रुपयाच्या आत काम होते. म्हणजे किलोमीटरमागे पाच रुपये वाचतात.

पहिले घर निवृत्त पती-पत्नीचे. भाजी, बँक, दवाखाना, संध्याकाळी देऊळ, कधी ओरछा. वर्षाला फार तर ६ हजार किलोमीटर. बचत ३० हजार. पण तेच तीन लाख ७ टक्क्यांनी मुदत ठेवीत ठेवले तर २१ हजार व्याज घरबसल्या मिळते. म्हणजे हातात उरले वर्षाला ९ हजार. आयुष्यभराच्या पुंजीतून एवढ्यासाठी तीन लाख काढावेत का, याचा विचार ज्याने त्याने करावा.

दुसरे घर रोज दतियाला किंवा बबिन्याला नोकरीसाठी जाणाऱ्याचे. जाऊन-येऊन ६० किलोमीटर, वर्षातले २५० दिवस. झाले १५ हजार किलोमीटर आणि बचत ७५ हजार. व्याज वजा केले तरी ५४ हजार उरतात. साडेपाच-सहा वर्षांत तीन लाख फिटतात आणि बहुतेक कंपन्या बॅटरीची हमी ८ वर्षांची देतात.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. लोक म्हणतात, विजेची गाडी थोडे फिरणाऱ्यासाठी असते. हिशेब सांगतो की ती जास्त फिरणाऱ्यासाठी असते, मात्र रोज संध्याकाळी घरी परतणाऱ्यासाठी. लोकल गाडीचेही तसेच होते.

तिसरे घर परकोटाच्या आतले. गल्ली अरुंद, गाडी रस्त्यावर किंवा कुणाच्या आवारात. तिथवर आपल्या मीटरची तार जात नाही. मग बाहेरच्या जलद चार्जरवर अवलंबून राहावे लागते आणि त्याचा दर घरच्या विजेच्या दुप्पट-तिप्पट असतो. किलोमीटरमागची बचत अर्धी होते, शिवाय रांगेत वेळ जातो. अशा घराने तूर्त थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

चौथे घर दर दिवाळीला गाडी घेऊन पुण्याला जाणाऱ्यांचे. अंतर हजार किलोमीटरच्या वर. वाटेत पाच-सहा वेळा चार्जिंगला थांबावे लागेल. तरुणांना ते जमेल. आजी-आजोबा आणि लहान मुले बरोबर असतील तर झेलम एक्सप्रेसचे तिकीट काढावे. तीही विजेवरच धावते आणि चार्जिंगची काळजी रेल्वे करते!

झाशीचे ऊन आणि परीछाचा कोळसा

दोन शंका नेहमी विचारल्या जातात. पहिली उन्हाची. आपल्याकडे मे-जूनमध्ये पारा ४५ च्या वर जातो. उष्णतेने बॅटरीचे आयुष्य कमी होते हे खरे. म्हणून बॅटरी थंड ठेवण्याची द्रवाची व्यवस्था असलेली गाडीच घ्यावी, ती सावलीत उभी करावी आणि भर दुपारी तापून आल्यावर लगेच चार्जिंगला लावू नये. एसीमुळे धावही घटते, तेव्हा कंपनीच्या आकड्यातून एक तृतीयांश वजा करूनच योजना आखावी.

दुसरी शंका कोळशाची. कानपूर रस्त्यावरचे आपले परीछाचे वीजकेंद्र कोळशावर चालते आणि देशातली जवळपास तीन चतुर्थांश वीज अजूनही कोळशाचीच आहे. मग विजेची गाडी स्वच्छ कशी? उत्तर असे की आजच्या विजेवरही तिचा किलोमीटरमागचा कर्बवायू पेट्रोलच्या गाडीपेक्षा थोडा कमीच भरतो, कारण मोटर फार कमी ऊर्जा वाया घालवते. फरक फार मोठा नाही. पण पेट्रोलची गाडी पंधरा वर्षांनी जुनी आणि अधिक धुराची होते, विजेची गाडी मात्र वीज जसजशी स्वच्छ होईल तसतशी स्वच्छ होत जाते. ज्यांचे स्वतःचे छत आहे त्यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेची माहिती घ्यावी. त्या योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान ठेवले गेले. तीन किलोवॅटचे पॅनेल दिवसाला साधारण १२ युनिट देते. दतियाची फेरी त्यात होते. बुंदेलखंडाच्या उन्हाला आपण वर्षानुवर्षे नावे ठेवली, आता ते थोडे कामालाही येईल.

घेण्याचे ठरले तर गाडी बुक करण्याआधी माहितगार इलेक्ट्रिशियनला घरी बोलवावे. मंजूर भार पुरेसा आहे का, अर्थिंग नीट आहे का, चार्जरसाठी मीटरपासून स्वतंत्र वायर आणि एमसीबी टाकता येईल का, हे तपासून घ्यावे. साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर ३० युनिटची बॅटरी पूर्ण भरायला दहा तासांहून अधिक वेळ लागतो. रात्री दोन तास वीज गेली तरी रोजच्या ६० किलोमीटरपुरते चार्जिंग सकाळपर्यंत होऊन जाते. उत्तर प्रदेशाच्या २०२२ च्या धोरणात रस्ता करात सूट आणि खरेदीवर अनुदान दिले गेले. अशा सवलतींना मुदत असते, म्हणून आज काय लागू आहे ते आरटीओ कार्यालयात विचारूनच हिशेब मांडावा. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नये.

आमच्या घरी हा वाद वर्षभर चालला. सूनबाई दतियाच्या शाळेत शिकवतात. चिरंजीवांचे म्हणणे, दोन्ही गाड्या विजेच्या करू, सौ.चे म्हणणे, निवृत्तीच्या पैशाला हात लावायचा नाही. शेवटी एका रविवारी दोन्ही गाड्यांचे वर्षभराचे किलोमीटर कागदावर मांडले. सूनबाईंची गाडी १४ हजारांवर गेलेली, आमची पाच हजारांच्याही आत. त्यानंतर वाद घालायला काही उरलेच नाही. सूनबाईंची नवी गाडी विजेची घ्यायची, जादा पैशातला अर्धा वाटा आम्ही उचलायचा आणि आमची जुनी पेट्रोलची गाडी चालते आहे तोवर तशीच ठेवायची, असे ठरले. सौ.नीही मान डोलावली, कारण रोज साठ किलोमीटर जाणाऱ्या मुलीसाठी खर्च झालेला पैसा तिला वाया गेलेला वाटला नाही.

१९२५ च्या त्या निर्णयानंतरही जी.आय.पी.ने झाशीची वाफेची इंजिने लगेच भंगारात काढली नाहीत. जिथे वेळ आली तिथे वीज आणली, जिथे आली नव्हती तिथे वाफेवर नेटाने काम केले. आपण त्याच रेल्वेची माणसे. तेव्हा वाचकहो, शेजाऱ्याने घेतली म्हणून विजेची गाडी घेऊ नका आणि शेजारी हसेल म्हणून टाळूही नका. गाडीचा ओडोमीटर पाहा, घरातली तार पाहा आणि मग घरातल्या सगळ्यांना बरोबर घेऊन निर्णय करा. श्रीगजानन आपणा सर्वांचे प्रवास सुखरूप करो.

॥ गणपती बाप्पा मोरया ॥